उगमाची ओळ

कचेरीत त्याला सगळे भिंग म्हणत. हे टोपणनाव त्याने स्वतः कमावलेलं होतं. दुसऱ्या कुणी लिहिलेला कोड तपासायला आला की तो खुर्ची पुढे ओढायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि नाक पडद्याला टेकेल इतका वाकून एकेक ओळ वाचायचा. चूक सापडली की आधी नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"ला चौथा मजला घाबरून असे. नवी माणसं त्याच्याकडे कोड पाठवून पाणी प्यायला म्हणून उठायची, ती तो घरी गेल्यावरच जागेवर परतायची, असं सांगत. हे जरा फुगवून सांगितलेलं आहे, पण फार नाही.

कंपनी बुटांच्या खोक्याएवढे डबे बनवायची. शाळा, दवाखाने, वाचनालयं, गोदामं, जिथे म्हणून दहा-वीस कॉम्प्युटर असतील तिथे कोपऱ्यात असा एक डबा हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला असे, आणि आतल्यांचं बाहेरच्या जगाशी सगळं बोलणं त्याच्यातून जाई. डब्याच्या पोटात कंपनीचीच ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि तिच्यातला नेटवर्कचा भाग गेली एकोणीस वर्षं भिंगच्या हाती होता. तिथला नियम साधा. माणूस कितीही मोठा असो, दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय त्याची एक ओळही आत जायची नाही. प्रत्येक बदलाच्या तळाशी 'तपासलं' अशी ओळ असे आणि तिच्यापुढे तपासणाऱ्याचं नाव. बदल दोष दुरुस्त करण्यासाठी असेल तर आणखी एक ओळ लागे, 'उगम'. हा दोष मुळात कोणत्या जुन्या बदलाने आला, तो बदल कुणाचा, हे तिथे लिहायचं. लोक ही ओळ अंदाजपंचे ठोकून देत आणि भिंग ती हटकून परत पाठवी. "डाग पुसलात, छान. पण छप्पर गळतंय कुठे ते बघितलंत का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. समोर असताना माणसं मान डोलवत, आणि पाठ वळली की त्याची नक्कल करत.

या डब्यांना एक जुनं दुखणं होतं. दोन-दोन महिने सुरळीत चाललेला डबा एखाद्या दिवशी अचानक मुका होई. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण ना काही आत जातंय ना बाहेर येतंय. बंद करून परत चालू केला की जसं काही झालंच नाही. सहा वर्षं हे असं चाललं होतं आणि कुणाच्या हाती काही लागलं नव्हतं. जागेवर जाऊन दुरुस्ती करणारे फोनवर म्हणत, "साहेब, इथे मास्तर बसलेत." कचेरीतही तेच. सकाळी चहाच्या यंत्रापाशी "काल किती मास्तर बसले?" असं विचारलं जाई आणि हशा पिके. नव्या माणसांना तो या धंद्यातलाच शब्द वाटे.

भिंग त्या हशात नसे. मास्तर हा शब्द नव्हता, माणूस होता, आणि भिंगला हे काम हाताला धरून शिकवलं ते त्या माणसाने. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच गोष्टीला हात घालतात तेव्हा काय अनर्थ होतो, हे मास्तरांनी त्याला कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढून दाखवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मास्तरांनी एक कंटाळवाणं काम अंगावर घेतलं. नेटवर्कच्या फायली इतस्ततः पसरल्या होत्या, त्या एका ठिकाणी नीट लावायच्या. त्यात एक दोन हजार ओळींची मोठी फाईल होती. ती त्यांनी जुन्या जागेवरून नव्या जागी नेली. अक्षरही बदललं नाही. पण नेमके त्याच महिन्यात चार प्रोसेसरांचे नवे डबे बाजारात गेले आणि पंधरा दिवसांत पहिला डबा मुका झाला.

बैठक बसली. साहेबांनी विचारलं, "मधल्या काळात नवं काय केलंत?" मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "फाईल मी हलवली. माझ्याच हातून काहीतरी सुटलं असणार." कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. पण खापर फोडायला डोकं आपण होऊन पुढे आलं, तर कोण कशाला मागे हटेल? पुढचं सबंध वर्ष मास्तर ती चूक शोधत होते. जुनी आणि नवी फाईल छापून घ्यायची, नवीतल्या ओळीखाली लाकडी पट्टी ठेवायची आणि मोठ्याने वाचायची. भिंग शेजारी जुनी घेऊन बसे आणि दर ओळीला "बरोबर" म्हणे. काही सापडलं नाही. एक वर्ष उरलं असतानाच मास्तर नोकरी सोडून घरी बसले.

निरोपाच्या समारंभात ते म्हणाले होते, "या पोरानं माझ्यासाठी वर्ष घातलं. एकदा तर मी वाचून वाचून इतका दमलो होतो, की यानं माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि म्हणाला, चला, चहा घेऊ. एवढी काळजी घरच्यांनी सुद्धा घेतली नसती." टाळ्या पडल्या. भिंग फरशीकडे बघत उभा होता. लोकांना वाटलं, गहिवरलाय.

तर सोमवारी सकाळी टकटकचा बदल आला. टकटक ही कचेरीत दीड वर्षापूर्वी आलेली मुलगी. कीबोर्डवर अशी बोटं आपटायची की पलीकडच्या खोलीतल्यांना कळे, आज बाईंना काहीतरी सुचलंय. बदलाचं शीर्षक तिने बिनधास्त लिहिलं होतं, 'मास्तर बसण्याचा दोष दुरुस्त'. भिंगने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला घेतलं.

दोष काय होता ते समजायला कॉम्प्युटर कळावा लागत नाही. डब्यातून जाणाऱ्या प्रत्येक बोलण्यासाठी, म्हणजे प्रत्येक जोडणीसाठी, आठवणीत थोडी जागा राखलेली असते आणि त्या जागेत एक गजर लावलेला असतो. पलीकडून ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर गजर वाजतो आणि निरोप पुन्हा पाठवतो. बोलणं संपलं की गजर बंद करायचा आणि जागा परत करायची. आता डब्यात काम करणारे चौघं, म्हणजे चार प्रोसेसर. एक जण गजर बंद करतोय त्याच क्षणी तो दुसऱ्याच्या हातात वाजायला लागलेला असू शकतो. तेव्हा नुसता 'बंद' म्हणून चालत नाही. 'बंद, आणि वाजत असेल तर वाजून संपेपर्यंत थांब' असं म्हणावं लागतं. या फाईलमध्ये नुसतंच 'बंद' होतं. पहिला जागा परत करून मोकळा होई, ती जागा दुसऱ्याच कुणाला दिली जाई, आणि उशिरा वाजलेला गजर तिथे जाऊन आपलं जुनं काम उरकून टाकी. दोन-चार कोटींतून एकदा. मग डबा मुका. टकटकने गजर मुद्दाम सावकाश वाजेल असा केला आणि पाऊण तासात डबा मुका करून दाखवला. सहा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. तिने नुसतं 'बंद' काढून 'बंद, आणि संपेपर्यंत थांब' घातलं होतं. एका ओळीचा बदल.

भिंगच्या तोंडून "हं" निघालं नाही. ती ओळ वाचण्याआधीच त्याला ती कुठे आहे ते माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी 'थांब' काढून तिथे नुसतं 'बंद' लिहिलं होतं, ते त्यानेच.

तेव्हा गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून दोन प्रोसेसरांचा एक डबा बनवला होता. आदल्या दिवशी सकाळी तो अडकायला लागला. भिंगने शोधलं. गजर संपायची वाट बघणाऱ्याच्या हातात जोडणीचं कुलूप होतं, म्हणजे ते ज्याच्याकडे त्यालाच जोडणीला हात लावता येई, आणि वाजणाऱ्या गजराला आपलं काम करायला तेच कुलूप हवं होतं. हा त्याच्यासाठी थांबलेला, तो याच्यासाठी. दोघं जन्मभर एकमेकांचं तोंड बघत बसणार. नीट दुरुस्तीला आठवडा लागला असता आणि साहेब दर तासाला येऊन डोक्यावर उभे राहत होते. भिंगने 'थांब' काढून टाकलं. अडकणं गेलं. शिवाय विकायचे डबे एकाच प्रोसेसरचे होते, त्यात हा धोका नव्हता, तेव्हा मागाहून बघू. बदलाला शीर्षक दिलं 'साफसफाई', आणि आजूबाजूच्या चार मोकळ्या जागाही नीट केल्या, म्हणजे तपासणाऱ्यालाही खरंच साफसफाई वाटावी. ते मागाहून काही उगवलं नाही. गिऱ्हाईक खूश झालं आणि भिंगला बढती मिळाली.

आता टकटकच्या बदलाच्या तळाशी उगमाची ओळ होती. तिथे मास्तरांचं नाव होतं. मुलीचीही चूक म्हणता येणार नाही. कोणती ओळ कुणाची ते सांगणारी जी सोय होती, ती फाईल हलवली त्या दिवसापाशी येऊन थांबे. त्या दिवशी दोन हजारच्या दोन हजार ओळी मास्तरांच्या नावावर चढल्या होत्या. त्याच्या मागे जायचं तर जुन्या जागेची फाईल हाताने उघडून बघावी लागे. दुसऱ्या कुठल्या बदलात असा उगम आला असता, तर भिंगने तो पहिल्या मिनिटाला परत पाठवला असता.

त्याने आधी बदल तपासला. आणि त्यात चूक सापडली! टकटकने 'थांब' परत आणलं होतं, पण कुलूप हातातच ठेवून. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीचं अडकणं जसंच्या तसं परत. चूक सापडल्यावर त्याचा जीव असा भांड्यात पडला, की त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने लिहिलं, "कुलूप धरून थांबता येणार नाही. गजरालाही तेच कुलूप लागतं, दोघं अडकतील. परत पाठवतो." शब्द न् शब्द खरा. उगमाबद्दल अवाक्षर नाही. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

घरी आला तर बायको चिडलेली. ती वाचनालयात होती, आणि तिथल्या टेबलाखालीही कंपनीचाच एक डबा होता. "आज पुन्हा मास्तर बसले," ती ताट वाढता वाढता म्हणाली. "परीक्षेचे फॉर्म भरायला पोरांची ही रांग, आणि हा डबा ढिम्म. मी टेबलाखाली रांगत गेले आणि बटण दाबलं. या वयात!"

"सापडलंय आता. दुरुस्त होईल," भिंग म्हणाला.

"खरंच? मास्तरांनी काय घोळ घातला होता शेवटी?"

भिंगने आमटी भातावर ओतली आणि तो कालवत राहिला.

"बिचारे," ती म्हणाली. "घरी बसले तरी शिव्या खातायत. मीच आज दोन दिल्या. अहो, तुम्हाला काय झालं? मूग गिळून बसलात ते?"

"काही नाही. कोड."

'कोड' म्हटलं की त्या घरात पुढचं बोलणं बंद होई. या शब्दाचा त्याला आजवर आधारच वाटत आलेला होता. त्या दिवशी मात्र आपण दाराला आतून कडी लावून बसलोय असं त्याला वाटलं, आणि तो अर्ध्या ताटावरून उठला.

मंगळवार त्याने इतरांचे बदल तपासण्यात काढला. इतकी कसून तपासणी केली की दोघं जण जवळजवळ रडकुंडीला आले. बुधवारी सकाळी टकटकची दुसरी आवृत्ती आली. आता तिने जोडणीवर आधी 'बंद होत आहे' अशी खूण केली होती, मग कुलूप सोडलं होतं, मग गजर संपेपर्यंत थांबून शेवटी जागा परत केली होती. वाजणारा गजर कुलूप मिळाल्यावर आधी खूण बघे आणि निमूट मागे फिरे. नेटकं काम होतं. भिंगने ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना तो चूक तपासत नव्हता, चूक मागत होता. मिळाली नाही. शेवटी एका ठिकाणी दोन मोकळ्या जागा जास्त होत्या, त्यावर त्याने बोट ठेवलं. पाच मिनिटांत ते दुरुस्त होऊन आलं, आणि पाठोपाठ टकटक स्वतः आली.

"सर, एक विचारू? हे मास्तर खरे आहेत?"

"म्हणजे?"

"मला वाटायचं, डबा मुका झाला की तसं म्हणतात. उगम लिहिताना नाव बघितलं आणि जुन्या लोकांना विचारलं, तर म्हणाले, हेच ते मास्तर. मला इतकं कसंतरी झालं. शीर्षकात मी त्यांची टिंगलच केली की. बदललं मी ते."

"चांगलं केलंस."

"आणि अजून एक. हे आत जायच्या आधी त्यांना सांगायला हवं ना? सहा वर्षं त्यांना कळलंच नाही चूक कुठे होती. आपल्या बदलात होती हे कळलं तर वाईट वाटेल, पण निदान सुटका तरी होईल. मी त्यांचा नंबर मिळवलाय. दुपारी फोन करते."

"तू नको करू," तो म्हणाला. "मी सांगतो."

"हो, तेच बरं. तुम्ही त्यांच्याच हाताखालचे ना? तुम्ही नीट सांगाल." तिचा चेहरा मोकळा झाला. "मग 'तपासलं' आज मिळेल?"

ती गेली आणि तो पडद्यासमोर बसून राहिला. आता फक्त एक शब्द लिहायचा होता. मास्तर घरी बसलेले, कुणी त्यांना शिक्षा करणार नव्हतं. मास्तर स्वतःच चूक कबूल करून बसलेले. टकटक समाधानी, साहेब समाधानी, वाचनालयात बायको टेबलाखाली रांगायची थांबणार. सगळ्या जगात फक्त एका माणसाला ती ओळ खोटी आहे हे माहीत होतं. आणि तो माणूस त्याच ओळीसाठी एकोणीस वर्षं दुसऱ्यांना धारेवर धरत आलेला.

त्याने लिहायला घेतलं. खोडलं. परत लिहिलं. शेवटी हे गेलं, चाळीस जणांना: "उगम चुकीचा आहे. फाईल हलवण्याआधीही ही ओळ अशीच होती. मूळ बदल चौदा वर्षांपूर्वीचा, माझा आहे. साफसफाई करताना माझ्याकडून नकळत राहून गेलं. मास्तरांचा यात काही दोष नाही."

पाठवलं आणि त्याला हलकं वाटलं. पाच मिनिटांत कौतुकाचे अंगठे यायला लागले. एकाने लिहिलं, असा मोठेपणा हल्ली कुठे बघायला मिळतो! येता-जाता एकाने पाठीवर थाप मारली. भिंगला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पाऊण तास तो चक्क ताठ बसला होता. पुढे त्याला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लाज वाटायची ती त्या पाऊण तासाची.

मग टकटकचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. "मूळ बदल पाहिला. त्यात थांबणारी ओळ काढून न थांबणारी घातली आहे. बाकी फक्त मोकळ्या जागा आहेत. ही साफसफाई कशी? की तेव्हाही कुलपामुळे अडकत होतं म्हणून काढली? उगमात कारण लिहायचं आहे, म्हणून विचारते."

तिच्या मनात काडीचंही वाकडं नव्हतं. तपासणाऱ्याने जे विचारायचं तेच तिने विचारलं होतं, आणि असं विचारायला तिला शिकवलं होतं भिंगने. काय लिहावं? आठवत नाही? चौदा वर्षांपूर्वीचं न आठवणं कुणालाही पटलं असतं.

त्याने लिहिलं, "अडकत होतं म्हणून काढली. मला माहीत होतं. 'साफसफाई' हे खोटं लिहिलं होतं आणि आजचं 'नकळत'ही खोटं."

अंगठे थांबले. टकटकच्या बोटांचा आवाज सुद्धा बंद झाला तेव्हा सगळ्यांनी वाचलंय हे त्याला कळलं. थोड्या वेळाने तिची सुधारलेली ओळ आली. उगमापुढे त्याचं नाव, आणि एका वाक्यात कारण. भिंगने त्याखाली 'तपासलं' लिहिलं, ती फाईल आणि तो बदल छापून घेतला आणि चार वाजताच उठला. दारापर्यंत जाताना दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या पडद्यात अगदी गुंग झालेली होती.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहत. दार वहिनींनी उघडलं. भिंग त्यांना पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणे. "अहो, बघा कोण आलंय!" त्या आत वळून म्हणाल्या, आणि मग त्याला, हळू आवाजात, "बरं झालं आलास. हल्ली कुणी येत नाही रे."

खोली लहान होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर घडी केलेलं वर्तमानपत्र आणि त्याच्यावर ती लाकडी पट्टी. मास्तर आता पट्टी धरून वर्तमानपत्र वाचत. कॉम्प्युटर कुठे दिसत नव्हता. सहा वर्षांपूर्वी या टेबलावर तीन असत.

"बस, बस," मास्तर म्हणाले. "वाळलास. तपासतोस की नाही अजून, की साहेब झालास?"

"मास्तर, ते सापडलं."

काय सापडलं ते मास्तरांनी विचारलं नाही. त्यांचा हात नुसता टेबलावर आला आणि पट्टीवर टेकला. "कुठे होतं?"

"तुमच्याकडून काही सुटलं नव्हतं. फाईल हलवल्यामुळे काही झालं नाही. ते आधीपासून होतं."

मास्तरांनी पट्टी वर्तमानपत्राच्या कडेशी सरळ लावली. मग हसल्यासारखं करून म्हणाले, "ते नव्या लोकांना शिकवायचं केंद्र आहे ना, त्यांनी दोनदा बोलावलं मला. मी म्हटलं, ज्याला साधी एक फाईल धड हलवता आली नाही, तो पोरांना काय शिकवणार? हिलाही आवडलं नव्हतं मी नाही म्हणालो ते." त्यांनी वहिनींकडे मान केली. "शिकवलं असतं की रे मी. चांगलं शिकवलं असतं."

"अजून शिकवाल," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "चहा टाकते. तुझे उपकार आहेत बाबा. शेवटी तूच शोधलंस. तेव्हाही तूच यांच्याजवळ बसायचास, चहाला न्यायचास. अजून सांगतात सगळ्यांना." आणि त्या आत गेल्या.

"मी शोधलं नाही," भिंग म्हणाला. पण ते मास्तरांपुरतंच ऐकू गेलं. मग त्याने सगळं सांगितलं. दाखवायचा डबा, अडकणं, 'थांब' काढणं, साफसफाई. मध्ये थांबला तर पुढे बोलता येणार नाही म्हणून तो भराभर बोलला. छापलेले कागद त्याने टेबलावर ठेवले.

मास्तर रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, मोठी फाईल पुढे ओढली, पानं उलटली आणि जुन्या सवयीने पट्टी बरोबर त्या ओळीखाली ठेवली. आधी मनात वाचली. मग मोठ्याने.

"ही ओळ मी वाचली होती," ते म्हणाले.

"वाचली होतीत."

"जेवणानंतरची वेळ होती. तू माझ्या डाव्या हाताला होतास." ते आठवत आठवत बोलत होते, आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली येत होता. "मी थांबलो होतो इथे. तुला विचारलंही होतं मी. म्हटलं, अरे, हा गजर संपायची वाट का बघत नाही?"

"विचारलं होतंत."

"मग तू काय म्हणालास?"

भिंगने पट्टीकडे बघितलं. ती तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतली होती, आणि परत आल्यावर दहा ओळी खाली ठेवली होती.

"मी म्हणालो, चला, चहा घेऊ."

मास्तरांनी चष्मा काढला नाही की मान वर केली नाही. वहिनी तीन कपांचा ट्रे घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. त्या क्षणभर तशाच थांबल्या आणि मग ट्रे घेऊन परत आत गेल्या.